तालुक्याची टाकीज टीव्हीने बंद पाडली का?

प्रश्न असा आहे: "आजोबा सांगतात, यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि आमच्या तालुक्याला दोन टाकीज होत्या. आता एकीचं मंगल कार्यालय झालं, दुसरी पडकी आहे. या टाकीज चालायच्या कशा? टीव्ही आला म्हणूनच बंद पडल्या का? गावाचा इतिहास लिहितो आहे, आतल्या माणसाने सांगावं."

मी आतला माणूस आहे. १९७४ साली यवतमाळ जिल्ह्यात एका टुरिंग टाकीजवर रिळं गुंडाळणारा पोरगा म्हणून लागलो. पुढे परीक्षा देऊन ऑपरेटरचं लायसन्स काढलं आणि दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या टाकीजमध्ये २०१० पर्यंत मशीन चालवली. टीव्हीचं उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, टीव्हीने बंद पाडली नाही. टीव्हीने धक्का दिला, पण टाकीज त्यातून सावरली होती. खरं कारण समजायचं तर आमच्याकडे सिनेमा यायचा कसा आणि बघणाऱ्याच्या खिशात पैसा यायचा कधी, हे आधी बघावं लागेल.

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा सरकारच्या नकाशापेक्षा वेगळा होता. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. पण सिनेमावाल्यांच्या कागदावर आमचा मुलूख शेवटपर्यंत 'सी. पी. बेरार'च राहिला. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' हा इंग्रजांच्या वेळचा प्रांत संपून वीस-तीस वर्षं झाली तरी प्रिंटच्या पेटीवर रंगवलेली ती अक्षरं मी रोज बघत होतो. वितरकांची ऑफिसं अमरावतीला आणि भुसावळला. टाकीजचा मालक किंवा मॅनेजर अमरावतीला जायचा, दोन दिवस ऑफिसं फिरायचा आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचे पिक्चर ठरवून यायचा. मोठ्या पिक्चरला टक्केवारीवर सौदा व्हायचा, जुन्या पिक्चरला ठरीव भाडं. टक्केवारीचा असला की वितरकाचा माणूस पेटीसोबत यायचा, रोज तिकिटांचे नंबर मोजायचा आणि कलेक्शनचा कागद भरून सही घ्यायचा.

एका पिक्चरच्या प्रिंट मोजक्याच निघत, कारण प्रिंट महाग. म्हणून एकच प्रिंट गावोगाव फिरे. आधी नागपूर, अमरावती, अकोला. तिथला गल्ला उतरला की यवतमाळ, वर्धा. मग तालुक्याची गावं. सगळ्यात शेवटी यात्रेतला तंबू. मुंबईत लागलेला पिक्चर आमच्याकडे यायला सहा महिने, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त लागे. आमच्या पब्लिकला त्याचं काही वाटत नसे. आपल्या गावी पहिल्यांदा लागला तो नवा, एवढाच हिशोब. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ इथेच फिरला.

पेटी यायची रेल्वेने. भुसावळ-नागपूर लाइनवर मूर्तिजापूरला उतरायची आणि तिथून शकुंतलेत चढायची. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज. एप्रिल १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, आणि कापूस, माणसं, टपाल यांच्यासोबत सिनेमाही तिनेच वाहिला. गुरुवारी संध्याकाळी मी हातगाडी घेऊन स्टेशनवर उभा असे. गाडी उशिरा आली तर जिवाची घालमेल, कारण शुक्रवारी दुपारी तीनचा पहिला खेळ आणि त्याआधी पूर्ण प्रिंट तपासायची. गार्डाच्या डब्यातून पत्र्याच्या दोन पेट्या उतरल्या की स्टेशनवरची पोरं मागे लागत, "भाऊ, कोनता आला?" रात्री पानठेल्यावर पोहोचेपर्यंत ती बातमी अर्ध्या गावाला झालेली असे.

तपासणी म्हणजे काय ते सांगतो, कारण हे काम कुणाला दिसत नसे. तीन तासांचा पिक्चर म्हणजे हजार-हजार फुटांची सोळा रिळं, सोळा हजार फूट फिल्म, जवळपास पाच किलोमीटर. ती सगळी हातातून जाऊ द्यायची. एका हाताने गुंडाळणीचं चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत फिल्मची कड धरायची. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा. भोकाची कड फाटली असेल तर बोटाला टोचते, जोड सुटत आला असेल तर किंचित उचललेला लागतो. माझे वस्ताद दिवा मालवून तपासायचे. ते सांगत, डोळे उघडे असले की बोटं आळशी होतात. जोड द्यायचा तर फिल्मचं टोक ब्लेडने खरवडायचं, वरचा मसाला निघून पारदर्शक पट्टी उरली की सिमेंट लावायचं, दुसरं टोक बरोबर भोकावर भोक ठेवून दाबायचं आणि दहापर्यंत मोजायचं. सिमेंट म्हणजे फिल्म विरघळवणारं पातळ रसायन. त्याचा केळ्यासारखा गोडसर उग्र वास असे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बाटली उघडी राहिली की सिमेंट पाचच मिनिटांत घट्ट होई.

आमच्यापर्यंत येईतो प्रिंटची चाळण झालेली असे. पडद्यावर उभ्या रेषा नाचत. पब्लिक म्हणे, "पाऊस पडून राहिला." गाणी तर हमखास कापलेली, कारण आधीच्या कुणीतरी आवडत्या गाण्याचा तुकडा काढून ठेवलेला. तुम्ही जुन्या लोकांना विचारलंत तर ते सांगतील की जोड आला की आधी चित्र उडी मारायचं आणि मग आवाज. त्यांची आठवण बरोबर आहे. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला छापलेली असते आणि ती चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे असते, कारण मशीनमध्ये चित्राची खिडकी वर आणि आवाज वाचणारा दिवा खाली. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जोड खिडकीतून गेल्यावर पाऊण सेकंदाने आवाजाच्या दिव्यासमोर यायचा.

आता उजेडाबद्दल. इतिहास लिहिताना लोक पडद्याचं आणि खुर्च्यांचं लिहितात, उजेडाचं कुणी लिहीत नाही. आमच्या मशीनमध्ये बल्ब नव्हता, कार्बन होता. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर. डीसी करंट सोडून टोकाला टोक लावायचं आणि लगेच काही मिलीमीटर मागे ओढायचं. मधल्या फटीत जो जाळ पेटतो त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही. काळ्या काचेतून बघायचं. मागे आरसा, पुढे भिंग. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, उजेड पिवळा पडतो, मग चाकाला जरा फिरकी देऊन त्या पुढे सरकवायच्या. हे तीन तास सतत. पडद्यावर नायिकेचा चेहरा पिवळट झाला तर खालून थर्ड क्लासमधून आवाज यायचा, "ओ ऑपरेटर, झोपला का?" पब्लिकला कार्बन माहीत नव्हता, पण उजेड पडल्याचं त्यांना माझ्याइतकंच लवकर कळायचं. कांडीवरचं तांबं वितळून थेंबाथेंबाने खाली पडायचं. ते आम्ही डब्यात जमवून मोडीत विकायचो. उरलेल्या थोटकांना थोटकं जोडून पुन्हा जाळायचो. धुरासाठी वर धुराडं होतं तरी रात्री नाक शिंकरलं की काळं निघे. वस्तादांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

पुढे झेनॉन बल्ब आला. काम सोपं झालं, धूर गेला, ते चांगलंच झालं. पण कार्बनच्या उजेडात माणसाच्या चेहऱ्याला जो ओलावा असायचा तो झेनॉनमध्ये मी पाहिला नाही.

पक्क्या टाकीजमध्ये दोन मशीन असत. आम्ही दोन-दोन रिळं जोडून एक करत असू, म्हणजे दर बावीस मिनिटांनी एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचं. त्याला चेंजओव्हर म्हणतात. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्या क्षणी इकडची खिडकी बंद, तिकडची उघडी. नीट जमलं तर खाली कुणाला पत्ताही लागत नाही. मी छत्तीस वर्षांत हजारो चेंजओव्हर केले, आणि तो ठिपका मला आजही टीव्हीवर जुना पिक्चर बघताना आपोआप दिसतो. पाय तेव्हा जागेवरून उठायला बघतात.

केबिनचे नियम कडक होते. पक्क्या भिंती, लोखंडी दार, वाळूच्या बादल्या, बिडीला बंदी. १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असे आणि ती एकदा पेटली की विझत नसे. नंतर न भडकणारी फिल्म आली, नियम मात्र तेच राहिले, आणि ते राहिले हे बरंच झालं.

तंबूकडे येतो. टुरिंग टाकीज म्हणजे एक ट्रक, एक तंबू, एक ऑइल इंजिन, एकच मशीन आणि आठ-दहा माणसं. परवाना मुदतीचा, तो कलेक्टर कचेरीतून काढायचा. मुदत संपली की तंबू उचलायचा. पावसाळ्यात काम बंद, दिवाळीनंतर सुरू. आमचा फिरण्याचा रस्ता यात्रांनी ठरवलेला होता. बहिरमची यात्रा डिसेंबरात सुरू होऊन महिनाभराहून जास्त चालते, तिथे पहिला मोठा मुक्काम. रात्री थंडी एवढी की लोक घोंगडी घेऊन येत, आणि बाहेर मातीच्या हंडीत मटण शिजत असे, रोडगे भाजत असत. त्याचा वास तंबूत भरायचा. मग चिमूरची घोडायात्रा, महाशिवरात्रीला मार्कंडा, वणीची रंगनाथस्वामींची यात्रा. होळीनंतर ऊन चढलं की परत.

एकच मशीन असल्याने प्रत्येक रिळानंतर थांबावं लागे. दिवे लागत, शेंगा-मुरमुऱ्यांची पोरं आत शिरत, दोन मिनिटांत मी नवं रीळ ओवून घंटी देत असे. पब्लिक खाली मातीवर बसलेलं. मधे दोर बांधून एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पडदा तंबूच्या मध्यावर लावला तर काही जण मागच्या बाजूने बघत. त्यांना चित्र उलटं दिसे, नायक डावखुरा होई, पण तिकीट कमी असे. दिवसा बैलगाडीला कर्णा बांधून गावोगाव आरोळी द्यायची. ते काम मी दोन वर्षं केलं.

एक गोष्ट तुमच्या इतिहासात जरूर यावी. वऱ्हाडात, म्हणजे कापसाच्या पट्ट्यात, टुरिंग टाकीज चालायची तशी झाडीपट्टीत चालत नव्हती. चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदियाकडे धान निघालं की मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव जातात, आजही जातात, आणि लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. ज्या गावी नाटक असे त्या गावी आमचा मालक तंबू ठोकत नसे. त्याला अनुभवाने कळलं होतं की समोर आपल्या बोलीत बोलणारा जिवंत माणूस उभा असेल तर लोक पडद्याकडे येत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. झाडीपट्टीने आपली रात्र आपल्या हातात ठेवली. आमच्या पट्ट्याची रात्र अमरावतीहून येणाऱ्या पेटीवर अवलंबून राहिली.

आता पैसा. तालुक्याच्या टाकीजचं वर्ष कापसाचं वर्ष होतं. दसऱ्याला वेचणी लागे. वेचणीची मजुरी आठवड्याच्या बाजाराला हातात पडे, म्हणून बाजाराच्या दिवशी तीनचा खेळ भरलेला. खेड्यावरचं पब्लिक तीनच्याच खेळाला येई, कारण सहाला सुटून मुक्कामी एसटी पकडायची. पिक्चर लांबला की शेवटच्या रिळाला माणसं उठू लागत. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या ओळखीचे, ते पाच-दहा मिनिटं गाडी थांबवत आणि मॅनेजर त्यांना बाल्कनीत फुकट बसवे. रात्रीच्या खेळाला गावातलं पब्लिक आणि जिनिंगवरचे मजूर, सरकी-रुईचे कण अंगावर तसेच घेऊन आलेले. कापूस विकून गाडीवान परतताना बैलं टाकीजच्या आवारातच सोडत. आवारात गव्हाणी बांधलेली होती आणि पाण्याचं टाकं होतं. मी काम केलेल्या एका टाकीजमध्ये सायकल स्टँडपेक्षा बैलगाड्यांची जागा मोठी होती.

१९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस फक्त सरकारने घ्यायचा. तेव्हापासून चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने मिळू लागला. चुकारा निघाला की त्या आठवड्याचा गल्ला बघूनच कळायचं, पेपर वाचायची गरज नसे. मॅनेजर मोठा पिक्चर चुकाऱ्याच्या अंदाजाने मागवायचा. पोळ्याची कर, दिवाळीचे चार दिवस, संक्रांत हे ठरलेले हाऊसफुल्ल. पण आषाढात पेरणी झालेली, खिसा रिकामा आणि पाऊस लांबलेला, तेव्हा चाळीस माणसांसाठी मशीन लावली आहे. मालकाने तेव्हाही खेळ रद्द केला नाही. तो म्हणे, दिवाळीत हेच चाळीस जण चारशे घेऊन येतात.

एक रात्र सांगतो. कधी कधी एकच प्रिंट दोन गावांत चालवायचो. इकडे तासभर आधी सुरू करायचं, आणि संपलेली रिळं राजदूत मोटरसायकलवर घालून तीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या टाकीजला. मी तेव्हा त्या दुसऱ्या टाकीजला होतो. श्रावणातली रात्र, मधल्या नाल्याला पूर आला आणि इंटरव्हलनंतरची रिळं पलीकडे अडकली. मॅनेजरने पडद्यासमोर उभं राहून सांगितलं, पैसे परत करतो. मागून एक म्हातारा उठला: "पैसे वापस काऊन करून राहिले भाऊ? नाल्याचं पानी उतरन ना." कुणी हललं नाही. आवारातल्या ठेल्यावर आलूबोंडे तळले गेले, बायांनी पोरं मांडीवर झोपवली, कोणीतरी भजन लावलं. साडेबाराला पोरगा गळ्यापर्यंत भिजून आला. रिळांचे डबे त्याने प्लास्टिकच्या खताच्या पिशवीत बांधून डोक्यावर धरून नाला ओलांडला होता. पडद्यावर पुन्हा चित्र आलं तेव्हा खालून शिट्टी आली नाही, टाळ्या आल्या. केबिनमध्ये टाळ्या ऐकू आल्याची मला ती एकच वेळ आठवते.

आता टीव्ही. जानेवारी १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण सुरू झालं, नंतर महाभारत. रस्ते ओस पडत हे खरं. पण आमचा रविवारचा पहिला खेळ बाराला, तोवर ते संपलेलं असे, आणि टीव्ही बघायला खेड्यावरून तालुक्याला आलेली माणसं बाराच्या खेळाला बसत. टीव्हीने टाकीज बंद पडायची असती तर १९९१ सालचा 'माहेरची साडी' आमच्याकडे जसा चालला तसा चाललाच नसता. तोवर गावात बऱ्याच घरांवर अँटेना होते. तरी खेड्याखेड्यातून बाया गाड्या जुंपून आल्या, सासवा-सुना एका गाडीत. डोअरकीपरला बाकं कमी पडली म्हणून चटया अंथराव्या लागल्या. हुंदक्यांचा आवाज केबिनच्या भोकातून मशीनच्या खडखडाटावर येत होता. बैलगाड्यांनी भरलेलं आवार मी शेवटचं पाहिलं ते त्याच वेळी.

मग बंद पडली कशाने? प्रिंटच्या उशिराने. १९८० नंतर व्हिडिओ पार्लर आली, तेव्हा पहिल्यांदा असं झालं की पिक्चर टाकीजआधी गावात पोहोचला. नव्वदीत केबल आली. केबलवाला रात्री नवा पिक्चर लावायचा आणि तो आम्हाला मिळायला अजून चार महिने असायचे. मग सीडी. जे उशिरा येणं आमच्या पब्लिकला कधी खुपलं नव्हतं, ते आता दिसू लागलं. पडद्यावर काय होणार ते तिकीट काढणाऱ्याला आधीच माहीत. त्यात आमची प्रिंट फाटकी, खुर्च्या मोडक्या. मालकाने दुरुस्ती करायची कशातून?

आणि दुसऱ्या बाजूने कापूस गेला. नव्वदीच्या शेवटापासून आमच्या जिल्ह्यात शेतीचं जे झालं ते सगळ्या देशाने वाचलं. २००६ साली पंतप्रधान आले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होता. ज्या खेड्यावरून तीनच्या खेळाला दोन गाड्या भरून माणसं यायची, त्याच खेड्यातल्या घरी आम्ही सांत्वनाला जाऊन आलो. अशा वर्षी पोळ्याच्या करीला हाऊसफुल्लची पाटी लागत नाही. टाकीज बंद पडण्याची गोष्ट सांगताना लोक हे विसरतात. वऱ्हाडात तरी हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट खोटी आहे.

त्याच सुमारास लोडशेडिंग. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास लाइट नाही. जनरेटरवर खेळ चालवला तर डिझेलचा खर्च तिकिटांतून निघत नसे. पंखे बंद ठेवून फक्त मशीन चालवली तर पब्लिक उठून जाई. मी स्वतः एप्रिलमध्ये पंखे बंद ठेवून खेळ चालवले आहेत. खाली बसलेल्यांची मला लाज वाटायची.

डिजिटल आलं तेव्हा मला आशा वाटली होती, ती खरी सांगतो. सॅटेलाइटने पिक्चर येणार, म्हणजे मुंबईत शुक्रवारी लागला की आमच्याकडेही शुक्रवारीच. पन्नास वर्षांचा उशीर एका रात्रीत संपणार. तो संपलाही. पण तोवर आमच्या सहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये साठ माणसं बसत होती, आणि नव्या मशीनचा, एसीचा, नव्या खुर्च्यांचा खर्च त्या साठांवर बसवता येत नव्हता. ज्या मालकांनी हॉल लहान केला, खुर्च्या निम्म्या केल्या, त्यांच्यातले काही टिकले. आमच्या मालकाला ते जमलं नाही. मी तेव्हा बोललो होतो, हॉल मधून भिंत घालून अर्धा करा. आजही वाटतं तेच बरोबर होतं. पुढे २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली, २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची फिल्म बनवणं बंद केलं. तोवर आमची दोन्ही मशीन मोडीत गेली होती. भंगारवाल्याने वजनावर नेली. माल्टीज क्रॉस, म्हणजे फिल्म सेकंदाला चोवीस वेळा थांबवणारं ते चार खाचांचं चाक, मी काढून घेतलं. ते माझ्याकडे आहे, तेलात ठेवलं आहे.

तुम्ही इतिहास लिहिणार असाल तर माझा अनुभव असा की सिनेमाची यादी जमवण्यात वेळ घालवू नका, ती कुठेही मिळेल. आधी कलेक्टर कचेरीतल्या करमणूक शाखेच्या जुन्या फायली बघा. परवाना कधी मिळाला, खुर्च्या किती, वर्ग किती, हे त्यात असतं. मालकाच्या घरच्यांना कलेक्शनचे कागद विचारा. बऱ्याच जणांनी ते माळ्यावर टाकलेले असतात. त्या कागदांवर रोजच्या खेळाची तिकिटं वर्गवार लिहिलेली आहेत. ते कापसाच्या भावाशेजारी ठेवून बघा, गावाच्या चांगल्या-वाईट वर्षांचा आलेख समोर येईल. प्रेसवाल्याकडे हँडबिलाचे जुने ब्लॉक असतील. आणि डोअरकीपर, तिकीट खिडकीवरचा माणूस, शेंगा विकणारा यांच्याशी आधी बोला, कारण ते वयाने माझ्याही पुढे आहेत. बायांना वेगळं विचारा. त्यांची आठवण पिक्चरची कमी आणि जाण्या-येण्याची जास्त असते. कुणाच्या गाडीत बसलो, सासूने कसं सोडलं, डब्यात काय नेलं. ते लिहून घ्या.

आणि त्या मंगल कार्यालयात जा. स्टेज जिथे केला आहे तिथे पडदा असणार. तिकडे पाठ करून उभे राहा आणि समोरच्या भिंतीवर उंच बघा. कितीही रंग दिला असला तरी चार चौकोनी भोकांच्या खुणा दिसतील, बुजवलेल्या. दोन जरा मोठी, त्यांतून उजेड जायचा. त्यांच्या शेजारी दोन लहान, ऑपरेटरच्या डोळ्याच्या उंचीवर. त्यांतून आम्ही ठिपका बघायचो.